डावा हात, एक डोळा आणि मागाहून लिहिलेला जन्म

चरित्र म्हटले की जन्मापासून सुरुवात करायची, हा आपला परिपाठ. कूळ, गाव, आईवडील, बालपण, मग कर्तृत्व आणि शेवटी मृत्यू. या लेखात ज्या खलपुरुषाची ओळख करून द्यायची आहे, त्याचे चरित्र मात्र उलट्या क्रमाने लिहिले गेले. सर्वांत आधी आले ते त्याच्या मृत्यूनंतर मागे उरलेले दोन अवयव, डावा हात आणि एक डोळा. त्यांच्यासोबतच त्याच्या घातकी सेवकाची तलवार आली. तो स्वतः चालता-बोलता समोर यायला चौदा वर्षे लागली आणि देवपदाला पोहोचायला चोवीस. त्याचे जन्मगाव, त्याची आई आणि त्याची जात या गोष्टी हाताडोळ्यानंतर कितीतरी उशिरा लिहिल्या गेल्या. ती जन्मकथा लिहिताना अमेरिकन लेखकांनी एक शब्द वापरला आहे, जो मराठी वाचकाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही : अस्पृश्य.

या खलपुरुषाचे नाव व्हेक्ना. तो कुठल्या पुराणात नाही की कादंबरीत जन्मलेला नाही. तो ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या अमेरिकन खेळातला आहे. माझा मूळ अभ्यास स्थळमाहात्म्यांचा आणि त्यांत येणाऱ्या असुरांचा. नोकरी सांभाळून, मिळतील त्या पोथ्या आणि पुस्तके वाचत तो केला. कुठल्या विद्यापीठाशी माझा संबंध नाही. त्यामुळे व्हेक्नाकडे वळताना खेळाडूचा उत्साह माझ्यापाशी नव्हता. माझे कुतूहल वेगळे होते. आपल्याकडे एखाद्या असुराची कथा शेकडो वर्षांत, अनेक अनाम हातांनी वाढत जाते. कोणी कधी काय जोडले हे सांगणे अवघड होऊन बसते. व्हेक्नाची कथा माझ्या हयातीत, छापील पुस्तकांतून, सालवार वाढली. पुराण कसे तयार होते हे इतक्या जवळून पाहायला मिळणे दुर्मीळ.

कागद, पेन्सिल आणि फासे

खेळाची माहिती नसलेल्यांसाठी थोडे सांगायला हवे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ साली हा खेळ प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाचे लहानसे गाव आहे. तिथल्या टीएसआर या छोट्या कंपनीने तीन पातळ पुस्तिका एका खोक्यात घालून विकायला काढल्या. पहिली छपाई एक हजार खोक्यांची होती.

पट आणि सोंगट्या या खेळाला लागतातच असे नाही. चार-सहा जण टेबलाभोवती बसतात. त्यांच्यातला एक सूत्रधार होतो. तो एका काल्पनिक जगाचे वर्णन करतो : समोर पडका बुरूज आहे, आतून कुजका वास येतो आहे, काय करता? बाकीचे योद्धा, मांत्रिक, चोर, पुरोहित अशा भूमिका घेऊन उत्तर देतात. करू पाहिलेली गोष्ट साधली की फसली, हे फासे ठरवतात. त्यांतला वीस बाजूंचा फासा विशेष प्रसिद्ध आहे. म्हणजे एका बाजूला आपल्या सोंगी भारुडासारखे हजरजबाबी नाट्य, दुसऱ्या बाजूला हिशेबाच्या वहीसारखे काटेकोर नियम. अशा खेळाला सतत नव्या सामग्रीची भूक असते. नवी शस्त्रे, नवे राक्षस, नवे मंत्र पुरवणाऱ्या पुस्तिका निघू लागल्या. त्यांतली एक, १९७६ सालची ‘एल्ड्रिच विझर्ड्री’. गायगॅक्स यांच्यासोबत तिच्यावर ब्रायन ब्लूम यांचे नाव आहे.

आधी अवशेष, मग माणूस

या पुस्तिकेत दुर्मीळ जादुई वस्तूंची एक यादी आहे. त्या यादीत ‘व्हेक्नाचा हात’, ‘व्हेक्नाचा डोळा’ आणि ‘कासची तलवार’ अशा तीन वस्तू येतात. व्हेक्ना कोण, याबद्दल जेमतेम काही ओळी आहेत : तो पूर्वी कधीतरी होऊन गेलेला महाबलाढ्य ‘लिच’ होता, आणि त्याचे हे अवयव त्याच्यामागे टिकून राहिले. लिच म्हणजे मंत्रबळाने मरण चुकवलेला, प्रेतरूपाने जगणारा मांत्रिक. तो आपला जीव शरीराबाहेर एखाद्या वस्तूत दडवून ठेवतो. सात समुद्रांपलीकडच्या पोपटात जीव ठेवणारा राक्षस लहानपणी ऐकलेल्या मराठी वाचकाला ही युक्ती परकी वाटू नये.

हे अवयव वापरायची अट भयंकर आहे. हात हवा असेल तर स्वतःचा हात तोडून त्या जागी तो लावायचा. डोळा हवा असेल तर स्वतःचा डोळा काढून त्या खाचेत तो बसवायचा. मग शक्ती मिळते, पण माणूस हळूहळू त्या दुष्टाचा होत जातो. खेळाडूंना ही अट इतकी भावली की तिच्यावरून एक विनोदी किस्सा अमेरिकेतल्या खेळाडूंत पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो. एका टोळीने ‘व्हेक्नाचे डोके’ सापडल्याची अफवा प्रतिस्पर्धी टोळीत पसरवली. त्या टोळीतल्यांनी आपापले डोके उडवून घेण्यासाठी आपसांत भांडण केले, आणि अर्थातच एकेक करून मेले!

हात-डोळ्याची ही कल्पनाही कोरी नव्हती. इंग्रज लेखक मायकेल मूरकॉक यांच्या १९७१ साली सुरू झालेल्या कोरमच्या कादंबऱ्यांत नायक हात आणि डोळा गमावतो आणि त्यांच्या जागी परक्या, अतिप्राचीन शक्तींचे अवयव बसवून घेतो. व्हेक्ना हे नाव तर सरळसरळ अक्षरांचा खेळ आहे. जॅक व्हान्स हे अमेरिकन कादंबरीकार. एकदा म्हटलेला मंत्र मांत्रिक विसरतो, तो पुन्हा पाठ करावा लागतो, ही या खेळातली जादूची रीत त्यांच्या १९५० सालच्या ‘द डाइंग अर्थ’ या पुस्तकातून आलेली. त्यांच्या आडनावाची पाच रोमन अक्षरे इकडची तिकडे केली की व्हेक्ना हे नाव तयार होते. ऋण फेडायची ही एक तऱ्हा.

तर १९७६ साली ही एवढीच मालमत्ता : एका लेखकाला वंदन करणारे नाव, दुसऱ्याकडून उसने घेतलेले दोन अवयव आणि एक तलवार. १९७९ साली गायगॅक्स यांनी सूत्रधारांसाठी जो जाडजूड ग्रंथ लिहिला, त्यातही हात, डोळा आणि तलवार आहेत, माणूस नाही.

स्थळमाहात्म्यांच्या अभ्यासकाला हा क्रम ओळखीचा वाटेल. आधी एखादी शिळा असते, कुंड असते, डोंगरात पडलेली फट असते. लोक तिला शेंदूर लावू लागतात. मग कोणीतरी विचारतो, हे इथे कसे आले? त्या प्रश्नाच्या उत्तरादाखल कथा जन्मते. सतीच्या देहाचे तुकडे जिथे पडले ती शक्तिपीठे, ही कथा पीठांच्या आधीची मानायची की नंतरची, याबद्दल श्रद्धावंत आणि संशोधक यांची उत्तरे वेगळी असतील. कोल्हापूरच्या नावाची उपपत्ती सांगताना कोल्हासुराने मरताना मागितलेल्या वराची कथा येते. नाव समोर असते. असुर त्याच्या मागे उभा केला जातो. व्हेक्नाच्या बाबतीत हा क्रम छापील पुराव्यानिशी दाखवता येतो. अवशेष आधी, माणूस नंतर.

खलपुरुष चालू-बोलू लागतो

१९८०च्या दशकात अमेरिकेत या खेळाविरुद्ध मोठे काहूर उठले. त्यातल्या भूतपिशाच्चांमुळे मुले सैतानाच्या नादी लागतात, आत्महत्या करतात, असे आरोप धार्मिक आणि पालकांच्या गटांनी केले. १९८९ साली खेळाची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा नरकातल्या सैतानांचे वर्ग कंपनीने गाळून टाकले. पुढे ते परतले, पण वेगळी, बनावट नावे घेऊन. पुढच्याच वर्षी, १९९० साली, डेव्हिड कुक यांनी लिहिलेले ‘व्हेक्ना लिव्ह्ज!’ हे साहसप्रकरण प्रसिद्ध झाले. या दोन घटनांत सरळ कार्यकारणसंबंध आहे असे मी म्हणणार नाही. पण सैतान दाराबाहेर गेल्यावर घरात एका मानवी दुष्टाची जागा रिकामी झाली होती, एवढे दिसते. व्हेक्ना कितीही भीषण असला तरी मुळात माणूसच होता.

या प्रकरणाची सुरुवात धक्कादायक आहे. खेळाडूंच्या हाती आधी ग्रेहॉक या काल्पनिक जगातल्या सर्वांत नामांकित मांत्रिकांच्या भूमिका दिल्या जातात, आणि पहिल्याच प्रवेशात त्यांचा संहार होतो. आता व्हेक्ना मागे उरलेली वस्तू राहत नाही. तो परत येऊ पाहणारा, देव होऊ पाहणारा पुरुष होतो. १९९७ साली टीएसआर कंपनी विझर्ड्स ऑफ द कोस्टने विकत घेतली. १९९८ साली मॉन्टे कुक यांचे ‘व्हेक्ना रिबॉर्न’ आले. २००० साली ब्रूस कॉर्डेल आणि स्टीव्ह मिलर यांचे ‘डाय व्हेक्ना डाय!’ आले. या शेवटच्या प्रकरणात व्हेक्नाच्या उठावामुळे विश्वाची घडीच बदलते. त्याच वर्षी खेळाची तिसरी आवृत्ती आली, आणि बदललेल्या नियमांना ही कथा आयतीच उपयोगी पडली. म्हणजे कंपनीने नियम बदलले आणि त्याचे खापर खलपुरुषाच्या माथी फोडले. तिसऱ्या आवृत्तीच्या खेळाडू-ग्रंथात व्हेक्ना देवांच्या यादीत बसला. गुपितांचा देव म्हणून.

फ्लीथची कथा

१९९० पासून पुढच्या लिखाणात हळूहळू साचत गेलेले त्याचे पूर्वचरित्र एकत्र केले तर असे दिसते.

ओर्थ नावाच्या ग्रहावर फ्लान लोकांचे फ्लीथ हे नगर होते. तिथल्या अस्पृश्य जातीत व्हेक्नाचा जन्म झाला. त्याच्या आईचे नाव माझेल. तिला मंत्रविद्या येत होती, आणि ती तिने मुलाला शिकवली. नगराच्या सत्ताधाऱ्यांनी चेटूक केल्याच्या आरोपाखाली माझेलला देहदंड दिला. मुलाने सूडाची शपथ घेतली. पुढे त्याने अशी विद्या मिळवली की तिला तोड नव्हती. काहींच्या मते प्रत्यक्ष मंत्रविद्याच सर्परूपाने त्याची गुरू झाली होती.

जवळजवळ हजार वर्षांनी, लिच होऊन आणि मोठ्या साम्राज्याचा स्वामी होऊन, तो फ्लीथला वेढा घालायला परतला. फोल्टस या प्रकाशदेवाच्या पुरोहितांनी त्याच्यावर प्रखर तेजाचा झोत सोडला. तो मुख्यतः त्याच्या डाव्या अंगावर आदळला. अ‍ॅसेरेरॅक नावाच्या त्याच्या सरदाराने त्याला वाचवले. व्हेक्ना सावरला आणि नगर पडायच्या बेतात आले. तेव्हा नगराचे अधिकारी शरण आले. नागरिकांना जीवदान द्या, नगर घ्या, संपत्ती घ्या, असे ते विनवू लागले. तेवढ्याने भागले नाही, तेव्हा त्यांनी स्वतःचे प्राण देऊ केले. व्हेक्नाने त्यांच्यातल्या एकाला कुटुंबासह आपला उजवा हात असलेल्या कासच्या हवाली केले. कासने दिवसभर त्यांचे हाल करून त्यांना बाकीच्यांच्या डोळ्यांदेखत मारले. मग सगळ्या नगराची कत्तल झाली. मुंडक्यांची रास अधिकाऱ्यांपुढे रचली गेली, त्यांच्या घरच्यांची मुंडकी दिसतील अशा बेताने. एवढे झाल्यावर व्हेक्नाने त्या अधिकाऱ्यांवर ‘दया’ केली. त्यांना सोडून दिले आणि जन्मभर संरक्षणाचे वचन दिले.

पुढे त्याच कासने, व्हेक्नाने घडवून दिलेल्या तलवारीने, त्याचा घात केला. डावा हात आणि एक डोळा तेवढा उरला.

या कथेतले सांधे पाहण्यासारखे आहेत. तेजाचा झोत डाव्या अंगावरच का आदळला? कारण डावा हात १९७६ पासूनच उरलेला होता. त्याला कारण द्यायला हवे होते. अ‍ॅसेरेरॅक इथे कसा आला? तो गायगॅक्स यांच्या ‘टूम ऑफ हॉरर्स’ या १९७८ साली छापलेल्या प्रसिद्ध साहसप्रकरणातला खलपुरुष. दोन गाजलेल्या दुष्टांना मागाहून एका धाग्यात ओवले. आपल्याकडे हिरण्यकशिपू, रावण आणि शिशुपाल यांना जय-विजयांच्या शापाने एका सूत्रात गुंफले, तसेच हे. अनेकांनी मिळून सांगितलेल्या कथेला सांधे लागतातच.

एका शब्दाचा प्रवास

सांधे समजले तरी एक गोष्ट अशी सुटत नाही. दुष्टपणाला कारण हवे होते, तेव्हा लेखणीच्या टोकाशी ‘अस्पृश्य जात’ हाच शब्द का आला?

आधी शब्दच पाहू. जातीसाठी इंग्रजीत जो शब्द आहे तो पोर्तुगीजांच्या ‘कास्ता’वरून आला. आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर ते जे पाहत होते त्याला त्यांनी दिलेले ते नाव. हा शब्द इथल्या समाजाचे वर्णन करत युरोपात गेला, तिथून अमेरिकेत, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस एका काल्पनिक ग्रहावर.

फ्लान लोक कोण? ग्रेहॉकच्या भूगोलात ते त्या खंडाचे मूळ रहिवासी आहेत. तांबूस ते गडद तपकिरी कांतीचे. नंतर आलेल्या टोळ्यांनी त्यांना मागे रेटले. अमेरिकन वाचकाला यात आपल्याच देशातले मूळ रहिवासी दिसावेत, अशी रचना आहे. म्हणजे व्हेक्ना मूळ रहिवाशांतला, आणि त्यांतही अस्पृश्य. उतरंडीच्या अगदी तळाशी त्याचा जन्म ठेवला आहे.

अमेरिकेत हा शब्द रंगापुरता, दूरदेशीचा वास यावा म्हणून वापरला गेला असेल, असे म्हणून सोडून देता येईल. पण तो शब्द तिथेही निर्जीव नव्हता. मार्टिन ल्यूथर किंग १९५९ साली भारतात आले होते. दक्षिणेतल्या एका शाळेत, अस्पृश्य म्हणून गणल्या गेलेल्या जातींतल्या मुलांपुढे, ‘अमेरिकेतून आलेला तुमच्यासारखाच एक अस्पृश्य’ अशी आपली ओळख करून देण्यात आली, असे त्यांनी १९६५ सालच्या एका प्रवचनात सांगितले. आधी राग आला, मग ते खरेच आहे हे पटले, असेही. ही देवाणघेवाण त्याहून जुनी आहे. महात्मा फुले यांनी १८७३ सालची ‘गुलामगिरी’ अर्पण केली आहे ती काळ्यांची गुलामगिरी संपवणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. आणि १९७२ साली मुंबईत दलित पँथरने आपले नाव घेतले ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. महाराष्ट्र आणि अमेरिका यांच्यात या वेदनेची भाषा शंभर वर्षे जात-येत होती.

म्हणून फ्लीथची कथा वाचताना मी थांबतो ते मुंडक्यांच्या राशीपाशी नव्हे. क्रौर्य दाखवायचेच होते, ते दाखवले. मी थांबतो त्याच्या आधीच्या दोन ओळींपाशी. तिथे एक नगर आहे. त्यात काही माणसांना जन्माने शिवायचे नाही असा कायदा आहे. त्यातली एक बाई विद्या मिळवते आणि मुलाला शिकवते, आणि त्यासाठी नगर तिला मारते. हा कायदा कोणी केला, माझेलला कोणी अटक केली, तिला काय विचारले, इतर अस्पृश्यांचे काय झाले, यांतले काहीही कथेला सांगावेसे वाटत नाही. मुलाचा सूड सुरू झाला की नगर निरपराध होते, आणि निरपराधच राहते. नगरातल्या लेकराबाळांची कत्तल कुठल्याही कारणाने समर्थनीय ठरत नाही, हे खरेच. पण हजार वर्षांनंतरच्या त्या वेढ्यात नगराबाहेरच्या वस्तीत अजून अस्पृश्य राहत होते का, आणि कत्तलीत तेही मेले का, हा प्रश्न मराठी वाचकाला पडल्याशिवाय राहणार नाही.

कारण बदलत जाते

पुढची गंमत अशी की हे कारणही टिकले नाही. २०१४ साली खेळाची पाचवी आवृत्ती आली. तिच्या सूत्रधार-ग्रंथात व्हेक्नाची कथा थोडक्यात दिली आहे. ती थेट बलाढ्य मांत्रिकापासून सुरू होते. तो साम्राज्य उभारतो, पण त्याला मृत्यूचे भय वाटू लागते. मग मृतांचा दानवराज ऑर्कस त्याला लिच होण्याचा विधी शिकवतो. तिथे फ्लीथ नाही, माझेल नाही, जात नाही. सूडाच्या जागी मृत्युभय आले.

२०२२ साली ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या दूरचित्रमालिकेच्या चौथ्या पर्वाने हे नाव जगभर पोहोचवले. माझ्यासारख्या खेळ न खेळणाऱ्याच्या कानावर ते तेव्हाच पडले. कथा १९८६ सालची आहे. शाळेतली मुले खेळात व्हेक्नाशी लढतात, एका मुलीचा फासा वीसवर पडतो आणि तो मरतो. मग गावात माणसे मारणाऱ्या खऱ्याखुऱ्या दैत्याला ती तेच नाव देतात. १९७९ सालच्या ग्रंथात व्हेक्नाचा फक्त हात आणि डोळा होता, हे लक्षात घेतले तर या मुलांच्या सूत्रधाराला बाकीचा व्हेक्ना स्वतःच रचावा लागला असणार. मालिकेतल्या या दैत्याला पुन्हा एक बालपण मिळते. तो हेन्री नावाचा सुखवस्तू घरातला गोरा मुलगा असतो, आणि तो स्वतःच्या आईला आणि बहिणीला मारतो. २०२३च्या अखेरीस लंडनच्या रंगभूमीवर आलेले नाटक तर या मुलाच्या पूर्वायुष्यावरच बेतले आहे.

दोन आया शेजारी ठेवून पाहाव्यात. जुन्या कथेत राज्यसत्ता आईला मारते आणि मुलगा दुष्ट होतो. नव्या कथेत मुलगाच आईला मारतो. पहिल्या कथेत निदान एक ओळ नगराकडे बोट दाखवत होती. दुसरीत नगर सुटले. दोष एका पोराच्या मनात आणि त्याच्यावर प्रयोग करणाऱ्या एका डॉक्टरच्या प्रयोगशाळेत जाऊन बसला.

नरकासुराची आई आणि बळीचे राज्य

आपल्या जुन्या कथांना बालपणाच्या जखमांचे फारसे वेड नाही. तिथे असुर घडतो तो वराने किंवा शापाने. रावणाला वर मिळतो आणि वर मागताना माणसाला विसरल्याने तो मरतो. पण आपल्या कथांनी एक गोष्ट केली, जी फ्लीथच्या कथेने केली नाही. त्यांनी हरलेल्याच्या बाजूच्या माणसाला बोलू दिले.

नरकचतुर्दशीला आपण पायाखाली कारीट चिरडतो. गोव्यात आदल्या रात्री मिरवलेले नरकासुराचे पुतळे पहाटे जाळतात. तो नरकासुर भूमीचा मुलगा. भागवताच्या दशम स्कंधात नरकाचा वध झाल्यावर भूमी स्वतः कृष्णापुढे येते. नरकाने पळवलेली अदितीची कुंडले ती परत करते आणि नातू भगदत्ताला कृष्णाच्या पायांशी ठेवून अभय मागते. मुलाचा गुन्हा ती नाकारत नाही, पण त्याचे घर वाचवते. असुराच्या आईसाठी तिथे श्लोक खर्ची पडले आहेत. माझेलला सगळ्या चरित्रात दोन-तीन वाक्ये मिळाली, आणि त्यांतले एकही तिच्या तोंडचे नाही.

बळीच्या कथेत तर फुल्यांनी थेट बाजूच उलटवली. वामनाने पाताळात घातलेला बळी हा इथल्या मूळ शेतकऱ्यांचा न्यायी राजा होता आणि अवतार हे आक्रमकांचे नायक होते, असे त्यांनी ‘गुलामगिरी’त मांडले. म्हसोबा हा बळीचा ‘महासुभा’ होता, खंडोबा त्याच्या खंडांचा कारभारी होता, अशा व्युत्पत्ती त्यांनी दिल्या. भाषाशास्त्राच्या कसोटीवर त्या टिकत नाहीत, हे मान्य करूनही त्यांनी विचारलेला प्रश्न टिकतो. आपल्या दारात बायका ओवाळताना ‘इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो’ म्हणतात. मग हा बळी वाईट कसा? शेताच्या बांधावर म्हसोबाला शेंदूर लागतो; मग महिषासुर फक्त मारण्यापुरताच होता का? लोकांच्या रोजच्या बोलण्यात उरलेल्या अवशेषांवरून फुल्यांनी हरलेल्यांचे चरित्र उभे केले. तेही अवशेषांकडून माणसाकडेच गेले. फरक एवढाच की त्यांनी दुष्टपणाला कारण शोधले नाही. दुष्ट ठरवणाऱ्याला कारण विचारले.

प्रत्यक्ष इतिहासाने तिसरी वाट दाखवली. २० मार्च १९२७ रोजी महाडला डॉ. आंबेडकरांसोबत हजारो माणसे चवदार तळ्यावर गेली आणि पाणी प्याली. परतताना त्यांच्यावर हल्ला झाला, लोक जखमी झाले, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ही करण्यात आले. महाड जाळायला कोणी परतले नाही. त्याच वर्षाच्या डिसेंबरात माणसे परत जमली आणि त्यांनी जाळले ते पुस्तक, मनुस्मृती. नंतरची लढाई न्यायालयात आणि संविधानाच्या सतराव्या कलमापर्यंत गेली. अपमानित माणसापुढे सूड हाच एक मार्ग असतो, हे ज्या लेखकाने गृहीत धरले, त्याच्या वाचनात महाड आले नसावे.

एवढे सगळे असूनही हे चरित्र अजून बंद झालेले नाही. २०१७ साली ‘क्रिटिकल रोल’ या लोकप्रिय चमूच्या पहिल्या दीर्घ खेळाचा शेवट व्हेक्नाशीच झाला. २०२४ साली कंपनीने त्याच्यावर ‘व्हेक्ना : ईव्ह ऑफ रुइन’ हे नवे पुस्तक काढले. आणि या खेळाची घटनाच अशी आहे की छापील कथा शेवटची मानायचे बंधन कोणावर नसते. टेबलाच्या डोक्याशी बसलेला सूत्रधार ती बदलू शकतो. आता पुण्या-मुंबईतही मुले हा खेळ खेळतात. त्यांच्यातल्या एखाद्या सूत्रधाराने खेळाडूंना हजार वर्षे मागे न्यावे, वेढ्याच्याही आधीच्या फ्लीथमध्ये. वेशीबाहेरच्या वस्तीत एक बाई आपल्या पोराला मंत्र शिकवते आहे, आणि गावचे शिपाई तिच्या दाराकडे निघाले आहेत. मग नेहमीसारखे विचारावे : काय करता?